गोळी टाकली आणि धास्ती दुणावली

वेतन, पेन्शन, रिक्त जागा, खासगीकरण हे या स्तंभाचे नेहमीचे विषय. ते सुटलेले नाहीत आणि आम्हीही ते सोडलेले नाहीत. या वेळी मात्र आम्ही एका लहानशा गोळीबद्दल लिहिणार आहोत. ती आपल्यापैकी अनेकांच्या डब्याच्या पिशवीत, युनिफॉर्मच्या खिशात, रनिंग रूममधल्या उशाखाली आहे. तिचे नाव सहसा कुणी घेत नाही. "बीपीची आहे", "गॅसची आहे" असे सांगून ती गिळली जाते. डॉक्टर तिला चिंताशामक म्हणतात, आपण झोपेची गोळी म्हणतो. ती का सुरू होते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ती एकदम बंद केली तर काय होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्हालाही नव्हते.

म्हणून सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका शाखेच्या कार्यालयात मालगाडीचा एक गार्ड येऊन बसला. (या पदाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, तेव्हा गार्डच म्हणत.) दीड-दोन वर्षे तो रोज रात्री अल्प्राझोलमची गोळी घेत होता, अलीकडे दुपारीही एक लागू लागली होती. नियतकालिक वैद्यकीय तपासणी पंधरा दिवसांवर आली होती. "गोळीचे कळले तर लाइनवरून उतरवतील, मायलेज बुडेल, घराचा हप्ता चालू आहे. काय करू?" असे त्याने विचारले. आम्ही उत्तर दिले ते चांगल्या मनाने दिले. "टाक त्या गोळ्या गटारात. माणसाने मनाने घट्ट राहावे." त्याने आमचे ऐकले.

पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, सदरा घामाने भिजला, डोक्यावरच्या पंख्याचा आवाजही सहन होईना. आपल्याला वेड लागत आहे, असे तो पत्नीला सांगू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात फिट येऊन तो कोसळला. त्याला आयुष्यात कधी फिट आली नव्हती. सुदैवाने तो घरी होता. रात्रीच्या वेळी, आडरानातल्या सिग्नलला उभ्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये तो एकटा असता तर काय झाले असते, याचा विचार आम्ही त्या दिवसानंतर अनेकदा केला आहे.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सुनावले. त्याचे मन कच्चे नव्हते, दोष गोळी एका दिवसात टाकण्यात होता, असे ते म्हणाले. ते बोल आमच्या मनातून गेलेले नाहीत. आज हा अग्रलेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

ही गोळी आली कुठून?

या औषधांच्या कुळाला बेंझोडायझेपिन म्हणतात. अल्प्राझोलम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सारी त्याच कुळातली भावंडे. नावाच्या शेवटी ‘झोलम’ किंवा ‘झेपाम’ दिसले की बहुधा ती या घराण्यातली समजावी. पहिले औषध लिब्रियम या नावाने १९६० साली बाजारात आले; हॉफमन-ला रोश या कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेतून ते निघाले. १९६३ साली व्हॅलियम आले, म्हणजे आपले डायझेपाम. आपल्याकडे तेच काम्पोज या नावाने इतके घरोघरी पोचले की जुन्या पिढीत कुठल्याही झोपेच्या गोळीला लोक काम्पोजच म्हणत.

त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट जातीची औषधे देत. त्यांचा डोस जरा अधिक झाला तरी माणूस दगावे. त्या मानाने ही नवी गोळी फारच सुरक्षित वाटली आणि एका अर्थाने होतीही. पण सुरक्षित म्हणून ती महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे दिली गेली. मग रुग्ण सांगू लागले की गोळी सोडली की पूर्वीपेक्षा वाईट अवस्था होते. त्यावर "तुमचा मूळ आजारच उफाळला आहे, गोळी चालू ठेवा" असे उत्तर कित्येकांना मिळत राहिले. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे प्राध्यापिका हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ ही गोळी सोडू पाहणाऱ्यांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालवला. रुग्णांचे म्हणणे त्यांनी बारकाईने ऐकले, लिहून ठेवले आणि त्यातून गोळी सोडवण्याची रीत बसवली. १९८८ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना बजावले की ही गोळी तीव्र त्रासासाठी आणि दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कुळातल्या सर्व औषधांच्या माहितीपत्रकावर सवय जडण्याचा आणि एकदम बंद केल्यास जिवावर बेतण्याचा ठळक इशारा छापायला लावला तो २०२० साली. दोन इशाऱ्यांमध्ये ३२ वर्षे गेली. एवढा काळ रुग्णाला "तुझ्याच मनात खोट आहे" हे ऐकावे लागले. आम्हीही त्या गार्डला वेगळे काय म्हणालो होतो?

ब्रेक कुणाचा आणि कुठला

शरीरात नेमके काय घडते ते रेल्वेच्या माणसाला समजायला कठीण नाही. आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते. त्याचे काम ब्रेकचे. मन उधळले, छाती धडधडू लागली की हा ब्रेक लागतो आणि गाडी आटोक्यात येते. ही गोळी स्वतः ब्रेक नव्हे. गाबाचा ब्रेक ती अधिक जोराने लागू करते. म्हणून अर्ध्या-पाऊण तासात जीव शांत होतो. नव्या माणसाला ती जादूच वाटते.

पण मेंदू आळशी नाही, हिशेबी आहे. रोज बाहेरून ब्रेकला जोर मिळतो आहे असे दिसले की तो आपला स्वतःचा ब्रेक हळूहळू सैल करतो. म्हणून काही आठवड्यांनी तीच गोळी पुरेनाशी होते. आणि एके दिवशी गोळी अचानक काढून घेतली की बाहेरचा जोर गेलेला आणि आतला ब्रेक सैल पडलेला, अशा स्थितीत गाडी घाटाच्या उतारावर सुटते. ब्रेक पुन्हा आवळायला मेंदूला वेळ लागतो, कुणाला काही आठवडे तर कुणाला काही महिने. हा वेळ त्याला द्यायचा, की उतारावरच जोर काढून घ्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

गोळीच्या आकारावर जाऊ नये. अॅश्टन यांच्या तक्त्याप्रमाणे अल्प्राझोलमची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी ही डायझेपामच्या १० मिलिग्रॅमच्या बरोबरीची. "फक्त पॉइंट फाइव्हची आहे, किरकोळ आहे" असे म्हणणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय अल्प्राझोलम लवकर उतरते. तिचा रक्तातला अंश साधारण ११-१२ तासांत निम्मा होतो. डायझेपाम दिवसेंदिवस रेंगाळते. लवकर उतरणारी गोळी सोडताना झटका मोठा बसतो. इतकेच नव्हे, तर दोन गोळ्यांच्या मधल्या वेळातही घबराट सुरू होते. रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दुपारी उतरू लागते, माणूस अस्वस्थ होतो, त्याला वाटते आपला आजार वाढला, आणि तो दुपारी दुसरी गोळी घेतो. आमच्या गार्डचे नेमके हेच झाले होते.

तीन गोष्टी, तीन नावे

गोळी सोडल्यावर होणारा त्रास तीन प्रकारचा असतो. त्यांची गल्लत झाली की उपाय चुकतो.

पहिला प्रकार मूळ दुखणे परत येण्याचा. ज्या चिंतेसाठी गोळी सुरू झाली होती ती हळूहळू, काही आठवड्यांत पूर्वीच्याच रूपात डोके वर काढते. तिला स्वतंत्र उपचार लागतो.

दुसरा प्रकार उसळीचा. दाबून धरलेली स्प्रिंग सोडली की ती मूळ जागेच्याही वर उडते. तशी जुनीच चिंता, जुनाच निद्रानाश, पण पूर्वीपेक्षा जोरदार, आणि गोळी सोडल्यापासून एक-दोन दिवसांतच. ही उसळी बहुधा काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत ओसरते. पण त्या दिवसांत माणूस हबकतो आणि "गोळीशिवाय मी जगूच शकत नाही" अशी खूणगाठ बांधून पुन्हा गोळीकडे वळतो. त्याने उसळीलाच आजार समजलेले असते.

तिसरा प्रकार गोळी सुटतानाच्या नव्या त्रासाचा. जे पूर्वी कधी नव्हते ते सुरू होते: हात कापणे, घाम, मळमळ, स्नायू आखडणे, अंगावर मुंग्या, उजेड नि आवाज सहन न होणे, आपण स्वतःपासूनच दूर उभे आहोत असे वाटणे. तीव्र स्वरूपात भास होतात, भ्रम होतो, फिट येते. लवकर उतरणाऱ्या गोळीत हे एक-दोन दिवसांत दिसते. डायझेपामसारख्या रेंगाळणाऱ्या गोळीत आठवडाही लागू शकतो आणि म्हणून त्याचा गोळीशी संबंध लक्षातच येत नाही.

आर.एम.एस.च्या रात्रपाळीत सॉर्टिंग करणाऱ्या आमच्या एका भगिनीने सांगितलेली गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. गणपतीला ती कोकणात सासरी गेली. गोळ्यांची पट्टी संपली होती आणि गावात औषधाचे दुकान नव्हते. "चार दिवस नाही घेतली तर काय बिघडते?" असे तिला वाटले. गौरी आवाहनाच्या दिवशी ती थरथर कापू लागली, आरतीच्या झांजा ऐकवेनात, ती ओरडून माजघरात जाऊन बसली. घरच्यांनी ठरवले की बाहेरचे काही लागले. नारळ उतरवला, अंगारा लावला. मुंबईहून आलेल्या तिच्या भाच्याला औषधाच्या पट्टीची आठवण झाली, म्हणून ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात वेळेवर पोचली. न घेतलेल्या गोळीचे हे काम होते, पण तिला मात्र गावात नाव पडले.

येथे आणखी एक भेद स्पष्ट करू. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे गोळी घेणाऱ्याच्या शरीराला सवय जडते, यात त्याचा गुन्हा नाही. दारूच्या नादी लागलेल्या माणसाला जी विशेषणे आपण लावतो (आणि त्यालाही ती लावू नयेत) ती या माणसाला लावण्याचा कुणाला अधिकार नाही. बहुसंख्यांनी ही गोळी मौजेसाठी घेतलेली नाही. ड्युटीवर उभे राहता यावे म्हणून घेतली आहे.

ड्युटी आणि गोळी

आणि येथे हा विषय दवाखान्यातून बाहेर पडून आपल्या दारात येतो. आज रात्री दोनला, उद्या दुपारी चारला, परवा पहाटे साडेपाचला साइन ऑन करणाऱ्या लोको पायलटच्या शरीराला रात्र कुठली नि दिवस कुठला हे कळेनासे होते. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, पावसाळ्यात रुळांवर गस्त घालणारा ट्रॅकमन, रात्रपाळीचा सॉर्टर या सर्वांची तीच गत. दोन माणसांच्या जागी एकाने काउंटर सांभाळायचा, सर्व्हर बंद पडला की समोरच्या रांगेच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी रोकड जुळली नाही तर खिशातून भरायची, हे पोस्टातल्या आमच्या बांधवांना नवीन नाही. अशा माणसाला झोप लागत नाही यात आश्चर्य ते काय? मग एखादा सहकारी पट्टीतली अर्धी गोळी मोडून देतो. सुरुवात अशी साधी असते.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, वैद्यकीय सल्ल्याशिवाय शामक औषधे घेणाऱ्यांची संख्या देशात सुमारे १ कोटी १८ लाख असल्याचा अंदाज दिला आहे. चिठ्ठीवर वर्षानुवर्षे घेणारे यात धरलेलेच नाहीत. कायदा नाही असे नाही. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधे १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या परिशिष्टात आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध व संख्या यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपून ठेवायची असते. वेष्टनावर लाल चौकटीत सूचनाही असते. पण स्टेशनबाहेरच्या कोपऱ्यावर "नेहमीची एक पट्टी द्या" म्हटल्यावर काय घडते, हे आपण सारे जाणतो.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या वाचकांची यात आणखी एक अडचण. इटारसी, खरगपूर, गुंतकल, बिलासपूर अशा ठिकाणी आपला माणूस डॉक्टरसमोर बसतो तेव्हा "मनात काहूर माजते", "जीव कासावीस होतो" हे सांगायला त्याच्याजवळ शब्द नसतात. तो छातीवर हात ठेवतो. मग ईसीजी निघतो, तो चांगला येतो, आणि "टेन्शन आहे" म्हणून गोळी लिहिली जाते. बदली झाली की नवा डॉक्टर तीच गोळी पुढे लिहितो. ती कधी बंद करायची हे ठरवायला कुणाला सवडच मिळत नाही.

काय करावे

सर्वांत आधी ही गोष्ट. हा लेख वाचून कुणीही आज रात्रीची गोळी बंद करू नये. रोज घेत असाल तर आहे तशी घेत राहा, आणि डॉक्टरांना, शक्यतो मनोविकारतज्ज्ञाला भेटा. चार-आठ दिवसच घेतलेल्याला बहुधा अडचण येत नाही. महिना उलटून गेला असेल तर मात्र स्वतःच्या मनाने सोडू नका. जितका काळ जास्त, डोस मोठा आणि गोळी लवकर उतरणारी, तितका धोका अधिक.

उतरण पायरीपायरीने करायची असते. २०२५ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात सुरुवातीला डोस ५ ते १० टक्क्यांनी कमी करावा, पायऱ्यांमध्ये दोन ते चार आठवडे जाऊ द्यावेत आणि कोणत्याही दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक कपात सहसा करू नये असे सांगितले आहे. काही वेळा डॉक्टर लवकर उतरणारी गोळी बदलून डायझेपामसारखी रेंगाळणारी देतात आणि मग ती कमी करतात. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर तिथेच थोडे थांबायचे. घाटात गाडी थांबवून पुन्हा निघणे यात कमीपणा नाही. दोन वर्षांची सवय सुटायला वर्ष लागले तरी तो वेळ वाया गेलेला नसतो.

गोळ्या संपायच्या आत पुढच्या आणून ठेवा, विशेषतः रजेवर किंवा बदलीवर जाताना. एका कागदावर औषधाचे नाव, डोस आणि किती दिवसांपासून घेता ते लिहून पाकिटात ठेवा; भाषा येवो न येवो, तो कागद कुठल्याही डॉक्टरला कळतो. गोळीबरोबर दारू घेऊ नका, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो. गोळी सोडताना झोप यावी म्हणूनही दारू घेऊ नका. एक सवय सोडायला दुसरी लावून घेणे तेवढे होईल. दुसऱ्याची गोळी घेऊ नका, स्वतःची देऊ नका. फिट आली, भास होऊ लागले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा जीव द्यावासा वाटू लागला तर वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि "इतक्या दिवसांपूर्वी गोळी बंद केली" हे आवर्जून सांगा.

मूळ चिंतेवर उपचार आहेत, हेही विसरू नये. सवय न लावणारी औषधे आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि तीही डॉक्टरांना विचारूनच बंद करायची असतात. बोलून करायचे उपचार आहेत. झोपेसाठी तर ते विशेष उपयोगी पडतात. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि परप्रांतात असलात तरी मराठीत बोलण्याची मागणी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतही मनोविकारांचा विभाग चालतो.

लपवायला का लागते?

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. वरचा सारा सल्ला त्या गार्डला आधी मिळाला असता तर त्याने तो पाळला असता काय? आम्हाला वाटते, नसता पाळला. तपासणी पंधरा दिवसांवर होती आणि सावकाश गोळी सोडायला सहा-आठ महिने हवे होते. त्या महिन्यांत तो लाइनवर राहू शकत नव्हता आणि लाइनवरून उतरला तर घर चालत नव्हते. म्हणून त्याने लपवले, आणि लपवण्यासाठी एका दिवसात सोडले.

आम्ही हे स्पष्टपणे लिहितो की ज्याच्या हाती हजारो प्रवाशांचे प्राण आहेत त्याने गुंगीच्या अमलाखाली ड्युटी करावी असे कोणतीही संघटना म्हणणार नाही. या गोळीने प्रतिक्रिया मंदावते, डुलकी लागते. सिग्नलच्या कामात ती चालणार नाही. पण कडक नियम आणि त्यापुढे काहीच सोय नाही, अशी स्थिती असेल तर नियमामुळे गोळी नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. खिशातली गोळी लपवून गाडी चालवणारा आणि ती काल अचानक टाकून गाडी चालवणारा, या दोघांपेक्षा "मला मदत हवी" असे येऊन सांगणारा माणूस रेल्वेला अधिक सुरक्षित आहे. त्याला शिक्षा झाली तर दुसरा कुणी सांगायला येणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जो कर्मचारी स्वतःहून पुढे येतो त्याला उपचाराच्या काळात धोक्याचे नसलेले पर्यायी काम मिळावे, आणि त्याचे उत्पन्न एकदम कोसळू नये अशी तरतूद व्हावी. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही, त्याचा हुद्दा खाली आणता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे तत्त्व आहे. काही महिन्यांच्या उपचारालाही तोच न्याय का असू नये? रेल्वे रुग्णालयात जिथे मनोविकारतज्ज्ञ नाही तिथे तो ठरावीक दिवशी तरी यावा. चार आठवड्यांहून अधिक काळ ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाच्या चिठ्ठीचा फेरविचार व्हावा. पण "साठा संपला" म्हणून ती एका दिवसात कुणाचीही तोडली जाऊ नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिला आहे; कार्यालयातल्या फायली हाताळतानाही त्याची आठवण प्रशासनाने ठेवावी. ग्रामीण डाक सेवकाला तर बहुधा खिशातले पैसे घालूनच डॉक्टर गाठावा लागतो. त्याला या साऱ्यात वगळून चालणार नाही. आणि विश्रांतीचे तास कागदावर नव्हे, रोस्टरमध्ये दिसले पाहिजेत. तोवर एकाची गोळी सुटेल आणि त्याच बाकावर दुसऱ्याची सुरू होईल.

प्रशासनाकडे मागतो तेवढेच आम्ही स्वतःकडेही मागतो. प्रत्येक शाखेत एक तरी माणूस असा हवा की ज्याच्याजवळ कुणीही हे बोलू शकेल आणि बोललेले बाहेर जाणार नाही. त्याने डॉक्टरकी करू नये. त्याने ऐकावे, डॉक्टरकडे सोबत जावे, अर्ज लिहून द्यावा आणि "मन घट्ट कर" हे तीन शब्द तोंडातून काढू नयेत. युनियन कार्यालयात वेतनाची तक्रार घेऊन येणाऱ्याला आपण आपले म्हणतो. थरथरते हात घेऊन येणाराही आपलाच आहे.

त्या गार्डची गोष्ट पुरी करतो. त्याला गोळी पुन्हा सुरू करावी लागली, आणि आठ महिन्यांत पायरीपायरीने ती सुटली. आज तो एकही गोळी घेत नाही. झोप येते, कधी कमी कधी जास्त, तुम्हा-आम्हासारखी. पण फिट आल्याची नोंद झाली, आणि तो पुन्हा ब्रेकव्हॅनमध्ये चढला नाही. यार्डाच्या कार्यालयात बसून तो आता गाड्यांची नोंद ठेवतो. ज्या मायलेजसाठी त्याने गोळी लपवली आणि टाकली, ते मायलेज टाकल्यामुळेच गेले. आम्ही त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्हाला तरी कुठे ठाऊक होते?"

आता आपल्याला ठाऊक आहे. यापुढे ही सबब आपल्यापैकी कुणालाही चालणार नाही.